मुद्देमालाच्या खोलीतली सोजरमावशी

सोजरमावशी,

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी कोर्टासमोरच्या टपरीवर मी पुन्हा तुझ्या हातात कुऱ्हाड दिली. काय करू, सवय. दोन नवे वकील बसले होते. त्यांनी विचारलं, "शेषराव, ती पाणीवाली बाई गेली म्हणं, कोण होती?" झालं. मी एक पाय बाकड्यावर ठेवला आणि सुरू झालो. या खेपेला पन्नास माणसं चालून आली. गेल्या वर्षी चाळीस होती. तू एका घावात अकरा जणांचे पटके उडवलेस, बाराव्याचा कान उडाला तो थेट जज्जसाहेबांच्या टेबलावरच्या दौतीत. वकिलांचा चहा गार पडला. आणि मी, अर्थातच, तुझ्या खांद्याला खांदा लावून उभा.

मग सवयीनंच मान वळवून व्हरांड्याकडं बघितलं. अशा वेळी तू रांजणाजवळून ओरडायचीस, "शेषा, किती माणसं झाली रे आज?" रांजणाजवळ कुणी नव्हतं. मी बाकड्यावरचा पाय खाली घेतला. वकील म्हणाले, "मग पुढं?" मी म्हणालो, "पुढं काय, पुकाऱ्याची वेळ झाली," आणि उठलो.

म्हणून हे लिहायला घेतलं. तुला अक्षर येत नव्हतं, पण समन्स, नोटीस, निकाल, सगळं माझ्याकडून वाचून घ्यायचीस आणि मी मधे भर घातली की तिथल्या तिथं पकडायचीस. "हे कागदात न्हाई शेषा, हे तुज्या पोटातलं हाय." तर आज जमेल तेवढं कागदातलं सांगतो. जिथं पोटातलं येईल तिथं तू आहेसच पकडायला.

कागदातलं असं. मी कोर्टाचा पुकारेवाला. दारात उभं राहून नाव घ्यायचं: अमका तमका हाजिर हाय काऽऽ? तीन हाका मारायच्या, हाकेहाकेत दम धरायचा. तिसरीला ओ आली नाही की आत पेशकार कागदावर 'गैरहजर' लिहितो आणि त्या दिवसापुरता तो माणूस जगात नसतो. माझ्या तिसऱ्या हाकेला झरीच्या शिवारातले बैल औत घेऊन उभे राहायचे. (पोटातलं.) तू त्याच दारात रांजण भरायचीस, ओगराळ्यानं पाणी वाढायचीस. आरोपीला, फिर्यादीला, वकिलाला, पोलिसाला, एकाच ओगराळ्यानं. काही जण ओंजळ पुढं करायचे आणि तुझं आडनाव आठवलं की मागं घ्यायचे. तू म्हणायचीस, "मरा तहानेनं. पर मरायच्या आधी सही करून जावा."

विद्यापीठाच्या नावावरून आपला मराठवाडा पेटला त्याच्या पुढच्या वर्षी वच्छलाची केस लागली. तिच्या गावाचं नाव लिहीत नाही, आता तिथं दोन्हीकडची लेकरं एका बाकावर बसतात. त्या गावची बौद्धवाडी जाळली, तेव्हा वच्छला पोटुशी होती, कणगीमागं लपलेली. तिच्या सासऱ्याला उंबऱ्यावरच तोडलं. पहिला घाव खांद्यावर, दुसरा मानेवर, तिसरा घालायची गरज नव्हती तरी घातला. कणगीच्या फटीतून तिनं तीन तोंडं ओळखली. वस्तीतल्या बाकीच्यांनी काही पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलेलं विसरायला त्यांना भाग पाडलं होतं. उरली एक वच्छला. ती बोलली तर केस, नाही तर राख.

पहिल्या पेशीला ती आली तेव्हा लेकरू पाच महिन्यांचं. सुजाता. सकाळी दहापासून दुपारपर्यंत बाया पायऱ्यांवर, उन्हात. आरोपी जामिनावर सुटलेले, ते आणि त्यांचे लोक व्हरांड्यातल्या बाकांवर, सावलीत. लेकरू रडायला लागलं. वच्छलानं भिंतीकडं तोंड करून पदर ओढला. बाकांवरून आवाज आला, "अरे च्या टाका रे, दूध आलंय!" सगळा व्हरांडा हसला. वकील हसले, पोलीस हसला. ती उठली आणि मागच्या भिंतीपलीकडं, बाभळीत गेली.

तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला. मी तीन हाका मारल्या. ती आली नाही. पेशकारानं गैरहजर लिहिलं, साहेबांनी पकडवॉरंट काढलं आणि उठले. ती धावत आली तेव्हा ब्लाउजच्या गुंड्याही लागलेल्या नव्हत्या. "दादा, मी हाय, हाय ना मी!" दार बंद झालं होतं.

हे सगळं कागदात आहे. पुढचं पंचनाम्यात आहे. परत जाताना ती गावच्या फाट्यावर उतरली आणि चौघांनी तिला काठ्यांनी झोडपलं. ती लेकराभोवती गोल गुंडाळून पडून राहिली. डावा दंड दोन जागी मोडला, पाठीची सालटी निघाली, एक दात गेला. सुजाताला ओरखडासुद्धा नाही. आणि चार दिवसांनी दवाखान्यात पोलीस गेला तो मारणाऱ्यांना शोधायला नाही. पकडवॉरंट बजावायला गेला.

ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवशी रांजण कोरडा राहिला. कोर्टाचा मुद्देमाल नाझरसाहेबांच्या ताब्यात, तू त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिलीस. मी दाराआड होतो, शब्दन् शब्द ऐकलाय.

"साहेब, मुद्देमालाच्या खोलीची किल्ली द्या."

"कशाला?"

"बाया लेकरं पाजतील तिथं."

"सोजराबाई, डोकं ठिकाणावर हाय का? सरकारी मुद्देमालाची खोली हाय ती, बाळंतिणीची न्हाई."

"तेच म्हणायलेय. कुऱ्हाडीला खोली हाय. कुलूप हाय. पाऊस लागत न्हाई, ऊन लागत न्हाई, कुणी तिला बघून हसत न्हाई. ज्या बाईच्या सासऱ्याला त्या कुऱ्हाडीनं तोडलं तिला बाभळीत बसावं लागतंय. आसं करू, कुऱ्हाड बाभळीत ठिवा. बाई आत बसंल."

नाझरसाहेब म्हणाले, "नियमात बसत न्हाई."

"नियमात बसू नका. बाजंवर बसू द्या. बाज मी आणते."

माझ्या सांगण्यात इथं नाझरसाहेब तुझ्या पाया पडतात. कागदात एवढंच आहे की त्यांनी चष्मा पुसला, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मी जेवायला चाललोय. मी काही बघितलं न्हाई." मावशी, त्या वर्षी काही न बघणारे लोक लय होते. त्यातला एक तेवढा आपल्या उपयोगी पडला.

त्या खोलीचं वर्णन मी इतक्यांदा केलंय की आता मलाच ती राजवाड्याएवढी वाटते. होती बैलगाडीएवढी. तिन्ही भिंतींना फळ्या. फळ्यांवर कुऱ्हाडी, कोयते, कत्त्या, गुप्त्या, लोखंडी कड्यांच्या काठ्या, एक सायकलची चेन, पिकावर मारायच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, रक्त वाळून पत्र्यासारखी झालेली धोतरं. प्रत्येकाला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी, लाखेचा शिक्का. जिल्ह्यातला सगळा राग तिथं नंबर लावून ठेवलेला. त्याच्या मधोमध तू बाज टाकलीस. एका म्हाताऱ्या वकिलाचा फाटका काळा झगा आणि तुझं हिरवं लुगडं जोडून दाराला पडदा शिवलास. अर्धा कायदा, अर्धी तू.

आणि बाया यायला लागल्या. मानवतच्या, गंगाखेडच्या, कुठल्या कुठल्या. पोटगीच्या, वाटणीच्या, मारहाणीच्या. पहिल्यांदा आत पाय ठेवताना घाबरायच्या. तू म्हणायचीस, "भिऊ नको माय. हत्यारं आतच बरी. बाहेर हायेत त्यांचं भ्या धर." एकदा तर एकमेकींच्या नवऱ्यांची डोकी फोडणाऱ्या दोन घरांतल्या दोघी एकाच बाजेवर, पाठीला पाठ लावून पाजत बसल्या होत्या, आणि दोघींच्या डोक्यावर दोन्ही नवऱ्यांच्या काठ्या शेजारी शेजारी. हे पोटातलं नाही, हे मी पडद्याबाहेरून ऐकलंय. एक म्हणाली, "तुजं लय वढतंय गं." दुसरी म्हणाली, "बापावर गेलंय." आणि एका लेकरानं कुऱ्हाडीची चिठ्ठी गिळली आणि त्यामुळं आरोपी सुटला, हे मात्र पोटातलं आहे. लेकराच्या नाही, माझ्या.

मला तू नवा नियम लावलास. ज्या बाईचं नाव असेल तिची पहिली हाक पडद्यापाशी येऊन मारायची. आतून "पाजायलेय" असं उत्तर आलं तर दुसरी हाक सावकाश मारायची. आणि तिसरी? "तिसरी वढ, शेषा. लेकराचं पोट भरंस्तोवर वढ. तुजा आवाज एवढा मोठा हाय म्हणतोस ना, मग पुरव." साहेब आतून विचारायचे, "शेषराव, झालं का?" मी म्हणायचो, "चालू हाय साहेब, तिसरीच चालू हाय."

आणि मग वच्छलाची दुसरी पेशी.

पोलीस तिला वॉरंटावर घेऊन आला, दंड प्लास्टरमध्ये, लेकरू उजव्या कडेवर. तू तिला आत नेलंस, पडदा सोडलास, दारात बसलीस. पोलीस तंबाखू आणायला गेला आणि त्यालाच जणू खूण मानून बाकांवरची माणसं उठली. पन्नास नव्हती. पाच होती. पाच पुरतात, मावशी, बाई एकटी असेल तर.

पुढचा म्हणाला, "म्हातारे, बाजूला व्हय."

"लेकरू पितंय. दम धर."

"कुणाचं लेकरू, कशाचं दूध, वढा रे तिला भायेर."

तू कुऱ्हाड उचलली नाहीस. इथं मी वीसेक हजार वेळा खोटं बोललोय. हाताच्या अंतरावर दीडशे हत्यारं होती आणि तू एकालाही हात लावला नाहीस. नंतर मी विचारलं तर म्हणालीस, "येडा का खुळा तू? मुद्देमालाला हात लावला आसता तर शिक्का फुटला आसता. त्येंचा वकील त्याचीच वाट बघत व्हता." अक्षरशत्रू बाई, पण मार खाताना केस सांभाळत होतीस.

तू ओगराळं उचललंस. लांब दांड्याचं, पितळी. पहिल्याच्या नाकाचं हाड मोडलं त्याचा आवाज मी ऐकला, वाळकी तुऱ्हाटी मोडावी तसा. दुसऱ्यानं तुझा कान धरला, बुगडी ओढली. पाळी फाटली. तिसऱ्यानं काठी घातली, ती तू हातावर घेतलीस आणि तुझी दोन बोटं उलटी झाली. तू दारातून हलली नाहीस. तुला लाथा घातल्या तशी खाली बसलीस, उंबऱ्यावर आडवी झालीस, पण आत जायचं तर तुझ्यावरून जावं लागणार होतं आणि जो पाय टाकत होता त्याच्या पोटरीला तू दात लावत होतीस. पडद्यावर रक्त उडालं. आतून लेकराचा आवाज नाही. वच्छला एका हातानं त्याला छातीशी दाबून पाजत होती, ते रडू नये म्हणून.

आणि मी? मी तुझ्या खांद्याला खांदा लावून नव्हतो. व्हरांड्याच्या खांबाला धरून होतो. साऱ्या अंगात तोंड तेवढं शिल्लक होतं. मी तेच उघडलं.

"वच्छलाबाई भ्रतार किसन, हाजिर हाय काऽऽ!" एक. दम न धरता दोन. आणि तिसरी सुरू केली ती सोडलीच नाही. छातीत कळ आली, डोळ्यांपुढं अंधारी आली, मी 'काऽऽ' धरून राहिलो. आत इजलासात बसलेले वकील बाहेर आले, पेशकार बाहेर आला, टपरीवाला हातात किटली घेऊन आला, तंबाखू चोळत पोलीस आला, आणि शेवटी, जे कधी कुणी पाहिलं नव्हतं, साहेब स्वतः झग्यासकट दारात आले. मी अजून ओरडतच होतो. साहेब म्हणाले, "शेषराव, पुरे. दिसतंय मला."

वच्छला पडदा सारून बाहेर आली. तुझ्यावरून पाय टाकवेना म्हणून उभी राहिली. तू खालून म्हणालीस, "जा गं, टाक पाय. मी उंबरा हाय आज." ती पिंजऱ्यात चढली. लेकरू पदराखाली चिकटलेलंच. आरोपींचा वकील म्हणाला, "मूल बाहेर ठेवावं, साक्षीला अडथळा होतो." तू दाराला टेकून, कानाला पदर दाबून उभी होतीस. म्हणालीस, "बाहेर काय ठिवायच्या लायकीचं हाय ते बघितलं ना साहेबानं." साहेबांनी पेशकाराला सांगितलं, "मूल राहील. लिहा."

तिनं तिघांकडं बोट केलं. उजव्या हाताचं. तिघांनाही सजा लागली.

तुझा पडदा पोलिसांनी जप्त केला. तुला मारल्याचा पुरावा, रक्ताचा. चिठ्ठी लागली, लाख लागली. तू नाझरसाहेबांकडं गेलीस, बोटांना फळकुटं बांधलेली. "साहेब, पडदा आता मुद्देमाल झाला का?"

"झाला."

"मंजे मुद्देमालाच्या खोलीतच ऱ्हायला पायजे का?"

"अर्थात."

"मग हाय तिथं टांगा." आणि टांगलास. नंबरासकट, शिक्क्यासकट. त्या दिवसापासून कुठल्याही नाझराची तो काढायची टाप झाली नाही. तुझ्या रक्ताच्या डागाआड किती लेकरं पोटभर पिऊन गेली, त्याचा आकडा सांगायचा मोह आवरतो.

तुझं माझं भांडण दोन गोष्टींवरून. एक, कोर्टाची नवी इमारत. इंजिनियर नकाशा घेऊन आला होता तेव्हा तू त्याच्यासमोर जाऊन बसलीस. "ह्यात पाजायची खोली कुठाय?" तो हसला. नकाशात साहेबांच्या गाडीला छप्पर होतं, सायकलींना होतं. मी म्हणालो, "मावशी, सोड, आपली हाय की." तू माझ्यावरच उसळलीस. "आपली कुठाय? चोरून घेतल्याली हाय. मी मेल्यावर कोण दारात बसंल? कागदावर पायजे. नकाशात पायजे. तिकडं विद्यापीठाला नाव लागायला सोळा वर्षं लागली, तरी लागलं ना कागदावर?" मी हसण्यावारी नेलं. ते भांडण तू अर्धं टाकून गेलीस.

दुसरं भांडण तू वर्षातून एकदा तरी काढायचीस. "शेषा, वच्छलाच्या पहिल्या पेशीला तीन हाका एका दमात मारल्या का तू?" आणि मी दरवेळी नवी थाप. माझ्या हाकेनं गोदावरीतले मासे वर आले, कबुतरं उडाली, गंगाखेडची गाडी स्टेशनात थांबली. तू ऐकून घ्यायचीस आणि रांजणावर झाकण ठेवायचीस.

गेल्या महिन्यात तुझ्या खाटेपाशी बसलो होतो. तोंडात घास ठरत नव्हता तुझ्या. डोळे मिटलेले. मधेच म्हणालीस, "शेषा, त्या दिशी भजी कांद्याची व्हती का मिरचीची?"

म्हणजे तुला ठाऊक होतं. सारी वर्षं. आणि मी काय केलं? म्हणालो, "कसली भजी मावशी, त्या दिवशी मी उपाशी होतो, भुकेनं अर्धा रांजण पिऊन टाकला होता." तू हसलीस. तेच शेवटचं.

तुझ्या मातीला वच्छला आली होती. सुजाताही, परकर पोलक्यातून साडीत आलेली. वच्छलाचा डावा हात अजून वाकडा आहे. त्या वाकड्या हातानं तिनं मला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "दादा, तुमच्या हाकेनं त्या दिशी वाचले मी." मी पाणी प्यालो, मावशी. घशाखाली उतरलं ते. याची लाज कुठल्या थापेत बसवू?

तर कागदातलं लिहितो. बाभळीत जाताना वच्छला मला सांगून गेली होती: "दादा, नाव आलं तर जरा दम धरा, लेकरू पाजून आलेच." मी मान हलवली होती. मग बाकांवरून पुडा आला. "घ्या शेषराव, गरम हायेत. आन् ते पुढचं नाव जरा झटक्यात उरका." त्यांनी एवढंच सांगितलं. मी एका दमात तीन हाका मारल्या, तोंड भरलेलं असताना, आवाज व्हरांड्याच्या पायरीपर्यंतसुद्धा गेला नाही. तिच्या दंडावरची पहिली काठी माझी.

मिरचीची होती, मावशी. चार होती. चारही मी खाल्ली.

हे मी वच्छलाला सांगणार आहे. सुजातासमोर. मग मला ती काय मारायचं ते मारो.

काल मानवतकडची एक बाई आली, कडेवर दोन महिन्यांचं. व्हरांड्यात इकडंतिकडं बघत विचारलं, "पाणीवाल्या मावशी कुठायत?" मी तिला आत नेलं, पडदा सोडला आणि तुझ्या जागी उंबऱ्यावर बसलो. शिपायाचा कोट घालून. बाकांवरचे हसले. मी ओगराळं मांडीवर घेतलं तसे गप्प झाले. नकाशासाठीचा अर्जही लिहिलाय, त्यात एक शब्द पोटातला नाही.

आज कोर्ट सुटल्यावर सगळे गेले. मी दारात उभा राहिलो, नीट दम धरला आणि तुझं नाव घेतलं. सोजराबाई भ्रतार मारोती, हाजिर हाय का? थांबलो. दुसऱ्यांदा घेतलं. रांजणात पाणी होतं, पडदा हलत होता.

तिसरी हाक मारली नाही. मारणारही नाही. ती मारल्याशिवाय कुणाला गैरहजर लिहिता येत नाही.